उंबरा नसलेली जागा

जालना जिल्ह्यातली जी माणसं आयुष्यात पहिल्यांदा विमानाने जातात, त्यांच्या सोबत जाणं हे माझं काम आहे. त्यांना मोठ्या शहरात उतरवायचं, ज्या कामासाठी आलेत तिथे नेऊन पोचवायचं आणि जमलं तर त्याच दिवशी घरी आणायचं. हे ऐकलं की लोक म्हणतात, "मज्जा आहे तुमची, फुकटात विमान!"

नऊ वर्षं झाली. मुंबई, दिल्ली, हैदराबाद या तिन्ही शहरांत मी पुष्कळदा जाऊन आले. तिथे काय पाहिलं म्हणाल, तर विमानतळाची दारं, दवाखान्यांच्या लिफ्ट, व्हिसाच्या रांगा आणि टॅक्सीवाल्यांच्या माना, मागच्या बाजूने. आता थकायला होतं. पाय थकत नाहीत, जीभ थकते. "आधार कार्ड हातात ठेवा", "पट्टा काढा", "घाबरू नका, कान दुखले तर आवंढा गिळा" ही वाक्यं मी झोपेतही बोलते, असं माझी आई सांगते.

आमचं ऑफिस जुन्या जालन्यात, कापडाच्या ठोक दुकानांच्या गल्लीत, एका जिन्याखाली. मालकांना सगळे शेठजी म्हणतात. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण चार पिढ्या इथेच गेल्या. आधी ते फक्त तिकिटं काढून द्यायचे. एकदा त्यांची मावशी दिल्लीत भलत्याच दाराने बाहेर पडली आणि तीन तास सापडली नाही. तेव्हा त्यांना हे सुचलं. "तिकीट तर मोबाइल काढून देतो," ते म्हणाले, "हात धरून नेणारं कोणी न्हाई."

मी तिथे लागले तेव्हा बावीस वर्षांची होते आणि मला सगळे नियम पाठ होते. याचं कारण घरात आहे. वडील लोखंडाच्या कारखान्यात, युनियनमध्ये. घरात पाहुणा आला की त्याला बसायला जागा करताना आधी पत्रकांचे गठ्ठे उचलावे लागत. शाळेत बाकीची मुलं 'कमळ बघ' वाचत होती तेव्हा मी 'जाहीर निषेध' वाचत होते. ज्याला नियम माहीत आहे त्याला कोणी नाडू शकत नाही, हे वडिलांचं वाक्य. मी ते तसंच्या तसं घेतलं. शेठजींचं हे काम मला म्हणूनच पटलं. काचेच्या दारासमोर बिचकून उभा राहणारा आमच्याकडचा माणूस पाहिला की माझं डोकं अजूनही तापतं. तो बिचकतो, कारण ते दार त्याच्यासाठी केलेलंच नाही, असं त्याला सगळ्यांनी मिळून शिकवलेलं असतं.

या धंद्यात पहिली गोष्ट शिकायची ती ही की विमानप्रवास सोपा असतो, अवघड असतं ते विमानतळातून बाहेर पडल्यानंतरचं. आत सगळीकडे पाट्या आहेत, विचारलं तर सांगणारं कोणीतरी आहे. बाहेर पडलात की तुम्ही एकटे. मुंबईत तर देशातली काही विमानं एका इमारतीपाशी उतरतात आणि परदेशची दुसऱ्या इमारतीतून उडतात. दोन्हींचं नाव विमानतळच, पण मध्ये रस्ता, सिग्नल, गर्दी. दोन्हींमध्ये बस असते, तीही पुढचं तिकीट असणाऱ्यांसाठी. म्हणून आमच्या ऑफिसात गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न 'कुठे जायचं' हा नसतो, 'कोणत्या इमारतीतून' हा असतो.

गिऱ्हाइकं तरी कसली एकेक. आमच्या गल्लीतल्या एका शेठाणी सूर्यास्तानंतर अन्नपाणी घेत नाहीत. हैदराबादहून परतताना विमानाची वेळ पुढे गेली आणि आम्हाला आत सोडायला सुरुवात झाली ती नेमकी सूर्य टेकला तेव्हा. त्यांनी रांगेतच डबा उघडला. मागे ऐंशी माणसं. "बाई, पुढे चला," मी म्हणाले. त्या शांतपणे म्हणाल्या, "विमान थांबेल. सूरज थांबतो का?" आणि थेपला संपेपर्यंत हलल्या नाहीत. विमान खरंच थांबलं.

बदनापूरचे एक गुरुजी मुंबईत डोळे दाखवायला आले होते. काम लवकर आटोपलं. समुद्र बघायचा म्हणाले. हाताशी पाऊण तास होता, तरी नेलं. पाच मिनिटं बघून म्हणाले, "पाणी लई हाय. पण कामाचं न्हाई." आणि टॅक्सीत जाऊन बसले.

हे सगळं मी हसत सांगते. हसण्याचं संपलं की लोक विचारतात, कधी कोणाचं काम हुकलं का? मी नाही म्हणते. ते खोटं आहे.

कौसाबाई हसनाबादहून एसटीने एकट्या आल्या होत्या. साठी ओलांडलेल्या. ऑफिसात आल्या, पंख्याखाली बसल्या आणि पदराने तोंड पुसून सगळ्यात आधी हे विचारलं, "पोरी, विमानतळाला उंबरा असतो का?"

मला प्रश्न कळला नाही. मग त्यांनी सांगितलं. त्यांची एकुलती मुलगी सुनीता. सहा वर्षांपूर्वी तिने जातीबाहेर लग्न केलं. कौसाबाईंचे यजमान, ज्यांना गावात आसारामआप्पा म्हणतात, त्यांनी भरल्या अंगणात शब्द टाकला होता की तू माझ्या घराचा उंबरा चढायचा नाही आणि मी तुझ्या घराचा चढणार नाही. सुनीता बंगळुरूला राहते. एक मुलगी झाली, ती चार वर्षांची आहे. आता नवऱ्याला कॅनडात नोकरी लागली. तो पुढे गेला होता आणि या दोघी बंगळुरूहून मुंबईला येऊन, मुंबईहून तिकडे जाणार होत्या. परत कधी, ते काही नक्की नाही.

"मुंबईत चार घंटे हायेत तिच्यापाशी," कौसाबाई म्हणाल्या. "मी यांना म्हन्ले, तिचं घर न्हाई ते, तुमचं बी न्हाई. मंग तिथं भेटायला काय हरकत हाय? रातभर बोलले न्हाईत. सकाळी म्हन्ले, तिथं उंबरा असंल तर? म्हनून इचारायला आले."

मी म्हणाले, "नसतो. दारं आपोआप सरकतात. खाली नुसता रूळ असतो."

"रूळ चालतो," त्या म्हणाल्या. बहुधा हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं.

त्या दिवशी मी घरी जाऊन वडिलांना हे सांगितलं आणि तासभर चिडत राहिले. एका बाईने आपल्या मनाने लग्न केलं, त्याची शिक्षा सहा वर्षं आईने का भोगायची? या विषयावर मी पानंच्या पानं लिहिलेली आहेत. आसारामआप्पांना गाडीत बसवून चिकलठाण्याच्या विमानतळापर्यंत नेताना माझ्याकडे चांगला दीड तास असणार होता. मी भाषण तयार केलं.

ठरलेल्या दिवशी पहाटे मी गाडी घेऊन हसनाबादला पोचले. आप्पा पांढरं धोतर, पांढरा सदरा, डोक्याला रुमाल अशा थाटात ओट्यावर बसलेले. मी 'रामराम' केला. ते गाडीत पुढे बसले. मी मागे कौसाबाईंजवळ बसले आणि घसा खाकरला. कौसाबाईंनी माझं मनगट धरलं आणि कानाशी लागून म्हणाल्या, "भाषण नको करू गं माय. कसेतरी निघालेत."

त्यांना कसं कळलं, देव जाणे. मी गप्प बसले. माझ्या स्वभावाला गप्प बसणं फार जड जातं. गिळलेलं भाषण कुठेतरी बाहेर पडतंच, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

चिकलठाण्याच्या दारात आप्पा थांबले. खाली वाकून त्यांनी दाराचा रूळ नीट पाहिला. मागे माणसं खोळंबली.

"रूळच हाय," ते म्हणाले आणि आत आले.

विमान साडेदहाला मुंबईत उतरायचं होतं. ते आकाशात असायला हवं तेव्हा आम्ही चिकलठाण्यातच खुर्च्यांवर बसलेलो होतो. कारण कोणी नीट सांगितलं नाही. आम्ही मुंबईत बाहेर पडलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. सुनीता अकरापासून दुसऱ्या इमारतीबाहेर सामान घेऊन उभी होती. तिला दीड वाजता आत जावंच लागणार होतं. सामान द्यायचं, पासपोर्टच्या रांगा, लहान मूल. मी मनात हिशेब केला. तिकडे जायला पंधरा-वीस मिनिटं, म्हणजे अर्धा तास तरी भेट होईल.

"आई, कुठे आहात?" तिचा फोन.

"आलेच बघ, आलेच," कौसाबाई म्हणाल्या आणि फोन आप्पांपुढे धरला. आप्पांनी मान हलवली. "समोरच बोलतो," म्हणाले.

मोबाइलवरून गाडी मागवली. जवळचं भाडं बघून ड्रायव्हरने रद्द केली. दुसऱ्यानेही तेच केलं. मग आम्ही टॅक्सीच्या रांगेत गेलो. पहिल्या टॅक्सीवाल्याला मी ठिकाण सांगितलं. त्याने मान फिरवली. "नहीं जाना."

इथे बाहेरच्या माणसाला एक गोष्ट सांगायला हवी. विमानतळावरचा टॅक्सीवाला रांगेत दोन-दोन, तीन-तीन तास उभा असतो, लांबचं भाडं मिळावं म्हणून. त्याच्या नशिबी जवळचं आलं की त्याची सकाळ वाया जाते. हे मला माहीत होतं, नऊ वर्षं माहीत होतं. पण भाडं नाकारता येत नाही, हा नियमही मला माहीत होता. आणि माझ्या पोटात पहाटेपासूनचं भाषण होतं.

मी सुरू झाले. त्याला नियम सांगितला. त्याने खांदे उडवले. मी गाडीच्या नंबरचा फोटो काढला. तो खाली उतरला आणि आवाज चढवून बोलू लागला. मीही चढवला. मागचे ड्रायव्हर जमले. आप्पा माझ्याजवळ आले, हळूच म्हणाले, "पोरी, चार पैसे वर टाक अन् चल. येळ जाऊन राह्यला."

"आप्पा, हा तत्त्वाचा प्रश्न आहे," मी म्हणाले. "आज आपण जास्तीचे दिले तर उद्या येणाऱ्या प्रत्येकाला द्यावे लागतील."

हे वाक्य बरोबर आहे. आजही मी त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. पण ते मी कोणाच्या वेळेतून बोलत होते, हे मला त्या क्षणी दिसत नव्हतं.

मी मोबाइलवर तक्रार लिहायला घेतली. मग लांब उभ्या पोलिसाला बोलावून आणलं. त्याने माझं ऐकलं, ड्रायव्हरचं ऐकलं, पुन्हा माझं ऐकलं, ड्रायव्हरचा परवाना बघितला आणि शेवटी त्याला दम दिला. ड्रायव्हर "हो" म्हणाला, गाडीकडे गेला आणि बॉनेट उघडून उभा राहिला. "इंजन गरम है."

मी जिंकले होते आणि आम्ही तिथेच होतो. घड्याळात एक वाजून सोळा मिनिटं झाली होती.

मागे वळून बघते तर आप्पा नाहीत. ते रांगेतल्या दुसऱ्या टॅक्सीच्या खिडकीत कोपर टेकवून उभे होते. ड्रायव्हर म्हातारासाच होता, गळ्यात पंचा. आप्पा आपल्या गावाकडच्या, भोकरदनच्या हिंदीत त्याच्याशी बोलत होते.

"कबसे खडे है भाई?"

"सुबह नौ बजे से, चाचा."

"मंग तेरा भी बराबर है," आप्पा म्हणाले. "क्या है, बच्ची परदेस जाऊन राह्यली. छे साल में मिल्या नहीं मैं. डेढ बजे अंदर चली जाती."

ड्रायव्हरने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "तो पहले बोलना था ना, चाचा. मॅडम तो सीधा फोटो खींचने लगी. बैठो, जल्दी बैठो."

अर्धा तास मी त्या माणसांना कायदा सांगत होते. आम्हाला कशासाठी जायचंय, हे मात्र मी कोणालाच सांगितलं नव्हतं. मला ते सांगणं भीक मागितल्यासारखं वाटलं असतं. आप्पांना तसं वाटलं नाही. गावात माणूस कोणाच्या बैलगाडीत बसायच्या आधी कुठे आणि का ते सांगतोच. न सांगता बसणं हाच तिकडे उद्धटपणा.

म्हाताऱ्याने गाडी अशी काढली की कौसाबाईंनी डोळे मिटून घेतले. आम्ही पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता. उतारूंना सोडायच्या मोठ्या रस्त्यावर दारांची लांबच लांब ओळ आहे. सुनीता फोनवर दाराचा आकडा सांगत होती आणि मी दोन म्हाताऱ्यांना घेऊन पळत होते. आप्पांचं धोतर पायात येत होतं. ते त्यांनी एका हाताने वर धरलं होतं.

सुनीता दाराशीच होती. ढकलगाडीवर चार बॅगा आणि वर बसलेली मुलगी. कौसाबाईंनी तिला मिठी मारली ती सोडीनात. त्यांच्या हातातला लाडवांचा डबा दोघींच्या मध्ये दाबला गेला. "वाळली गं बाई," एवढंच त्या परत परत म्हणत होत्या. सुनीता रडत होती आणि आईच्या खांद्यावरून घड्याळ बघत होती.

आप्पा दोन पावलांवर उभे होते. त्यांनी धोतर सोडलं, रुमाल सारखा केला. बॅगांवरच्या मुलीने आईला विचारलं, "हे कोण?"

"आजोबा," सुनीता म्हणाली. "बाळा, आजोबा आहेत."

सुनीताने वाकून आप्पांच्या पायांना हात लावला. आप्पांचा हात तिच्या डोक्यावर गेला. ते म्हणाले, "सुनीता, त्या वक्ताला मी जे..."

"मॅडम, जाना है तो जाइए, गेट पे मत रुकिए," दारावरचा जवान म्हणाला. मागे मोठं कुटुंब सामान घेऊन उभं होतं. सुनीताचा फोनही वाजत होता, बहुधा नवऱ्याचा.

"आप्पा, मला जावं लागेल. उशीर झालाय हो खूप," ती म्हणाली. तिने तिकीट दाखवलं आणि गाडी ढकलली. मुलगी बॅगांवरून मागे वळून बघत होती.

आप्पा तिच्या मागे निघाले. खाली न बघता. थेट दारातून. जवानाने हात आडवा धरला. "टिकट?"

त्यांच्याकडे तिकीट नव्हतं. आमची तिकिटं परत जालन्याकडची होती. ते काचेपाशी थांबले. काच अशी असते की आतलं सगळं दिसतं आणि त्यात आपणही दिसतो. सुनीता गर्दीत दिसेनाशी झाल्यावरही ते बराच वेळ तिथे होते. माझा फोन थरथरला. तक्रार नोंदवून घेतल्याचा संदेश होता. मी तो पुसून टाकला.

परतीचं विमान संध्याकाळचं होतं. आम्ही पुन्हा पहिल्या इमारतीत आलो. कौसाबाई खुर्चीत बसल्या बसल्या झोपल्या. त्या खरं म्हणजे समाधानी होत्या. त्यांना लेक दिसली, नात दिसली, डबा पोचला. मी आप्पांसाठी चहा आणला. ते मला काहीतरी बोलतील, याची मी वाट बघत होते. माझ्यामुळे अर्धा तास गेला, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी मनात उत्तरंही तयार ठेवली होती, विमानाला उशीर झाला, ड्रायव्हर मुजोर होता. आप्पा चहा बशीत ओतता येत नव्हता म्हणून कागदी पेल्याला फुंकर घालत राहिले.

शेवटी मीच म्हणाले, "आप्पा, चुकलं माझं."

"तुहं बराबर होतं," ते म्हणाले. "तो न्हाई म्हनला ते चूकच होतं त्याचं."

याने मला बरं वाटायला हवं होतं. मी आणखी एक मूर्खपणा केला. विचारलं, "सुनीताला काय सांगणार होतात तुम्ही?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. दुरून आलेल्या, वाट चुकलेल्या माणसाकडे बघतात तसं.

"ते तिला सांगायचं होतं, पोरी. तुला सांगून काय करू?"

"मग फोन करा ना. पोचल्यावर मी लावून देते."

त्यांनी पेला खाली ठेवला.

"फोनवर बोलन्यासारखं असतं," ते म्हणाले, "तर इथवर आलो असतो का?"